चार नंबर उठत नाही

शुक्रवारी संध्याकाळी मी आमच्या मशिनांना झोपायला लावलं आणि फार मोठं काम केल्याच्या थाटात घरी गेलो. एकेकाला हुकूम सोडून बघितला होता. तीन नंबर, झोप. झोपलं. चार नंबर, झोप. तेही झोपलं, जराही कुरकुर न करता. आता झोपलीच आहेत तर राहू देत, म्हटलं. सोमवारी सकाळी लक्षात आलं, की उठवून बघायचं राहूनच गेलं होतं.

आमची कंपनी लोकांची पार्सलं पोचवते. कुणाचे बूट, कुणाची औषधं, कुणाचा चुकीच्या मापाचा कोट, जो आठवड्याभरात परत येणार असतो. गोदामात प्रत्येक खोक्यावर पत्त्याची चिठ्ठी चिकटते आणि ती चिठ्ठी कधी छापायची हे तळमजल्यावरच्या एका थंडगार खोलीत ठरतं. त्या खोलीत चार सर्व्हर आहेत. दिसायला चार डबे, पण प्रत्येकाच्या पोटात पंधरा-वीस आभासी कॉम्प्युटर भाडेकरूंसारखे राहतात. प्रत्येकाला वाटतं आपलं स्वतंत्र घर आहे. शनिवार-रविवारी काम कमी असतं. तेव्हा सगळ्या भाडेकरूंना दोन मशिनांत दाटीवाटीने बसवायचं, उरलेली दोन मशिनं बंद करून वीज वाचवायची आणि सोमवारी सकाळी ती परत उठवायची, असा बेत. हे सगळं बघणारा एक प्रोग्राम असतो. आम्ही त्याला मुकादम म्हणतो.

त्या सोमवारी मुकादमाने तीन नंबरला हाक मारली, तीन नंबर उठलं. चार नंबरला हाक मारली, चार नंबर ढिम्म. मुकादमाने थोडा वेळ वाट पाहिली, पडद्यावर लाल अक्षरांत 'मशीन उत्तर देत नाही' असं लिहिलं आणि हात झटकून मोकळा झाला. मी पुन्हा हाक मारायला लावली. पुन्हा तेच. चौघांचं ओझं तिघांच्या डोक्यावर, त्यात सोमवारची सकाळ. गोदामातला एक हमाल वर येऊन म्हणाला, "साहेब, एक चिठ्ठी निघेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. धुतलेला कपसुद्धा वाळतो." मला साहेब म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. चिडल्याशिवाय तो म्हणाला नसता.

खरं तर उपाय सोपा होता. खाली जायचं आणि चार नंबरचं बटण बोटाने दाबायचं. पण त्या खोलीचं दार कार्डाशिवाय उघडत नाही आणि कार्डं दोनच. एक साहेबांकडे. साहेब मुख्य ऑफिसात मीटिंगला, फोन बंद. दुसरं ही मशिनं सांभाळणाऱ्या बटणताईंकडे. बटणताई बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच सुट्टी घेऊन नवऱ्याकडे गेलेल्या.

"ताई, चार नंबर उठत नाहीये."

फोनच्या पलीकडून ताटात चमचा ठेवल्याचा आवाज.

"दुरून उठवून बघितलंस?"

"बघितलं. तीनदा."

"आणि शुक्रवारी म्हणालास, सगळं तपासलंय."

"झोपायचं तपासलं होतं."

"शहाण्या," ताई म्हणाल्या, "झोपायचं तर मलाही जमलं असतं." मागे कुणीतरी काहीतरी विचारलं. त्यावर त्या, "काही नाही, निघावं लागतंय," एवढंच बोलल्या आणि मिळेल ती बस पकडून निघाल्या. दुपार टळून गेल्यावर हातात पिशवी तशीच घेऊन थेट खोलीत शिरल्या, बटण दाबलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मशीन सुरू होताना त्याचे पंखे असे घोंघावतात, की बोललेलं ऐकू येत नाही. त्या काही बोलल्याही नसाव्यात. असतील तर मला ऐकू आलं नाही हे बरंच झालं.

ताईंचं खरं नाव पगाराच्या यादीत असेल. बाकी साऱ्या ऑफिसात त्या बटणताई, तोंडावरसुद्धा. वीज वाचवायचा साहेबांचा हुकूम मुकादम येण्याच्याही आधीचा. तेव्हापासून दर शुक्रवारी मशिनं बंद करायची ती ताईंनी आणि सोमवारी झाडूवाल्याच्याही आधी येऊन बटण दाबायचं तेही ताईंनीच. मधेच रविवारी एखाद्या दुकानदाराला सेल लावायची हुक्की आली, की पुन्हा ताई. ऑफिससमोरच्या गल्लीत, एका लाँड्रीच्या वर त्यांची भाड्याची खोली होती. खिडकीतून आमच्या एसीचा बाहेरचा पंखा दिसायचा. तो थांबला की मला झोपेतही कळतं, असं त्या म्हणायच्या. यात मला काहीच नवल वाटत नाही, कारण त्यांची झोप कधी पुरी झालेलीच नसायची. लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मधे त्या डोळा लावायच्या. झेरॉक्स मशीनच्या उबेला उभ्या उभ्या पेंगायच्या. बोलता बोलता जांभई आली तर वाक्य न तोडता जांभई द्यायच्या, आणि समोरच्यालाही जांभई आली की म्हणायच्या, "बघ, माझा रोग पसरतोय."

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, दुसऱ्या गावी ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. लोक गाडी शिकतात सुट्टीच्या दिवशी, आणि आमची मशिनं झोपतात तीही सुट्टीच्याच दिवशी. त्यामुळे शनिवार-रविवारी ना त्यांना इकडे येता यायचं, ना ताईंना तिकडे जाता यायचं. मग कधीतरी आडवारी भाऊजी येणार. माणूस मजेशीर. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. त्याची इतकी सवय झालेली, की खुर्चीत बसून बोलतानासुद्धा समोरचा फार पुढे गेला की त्यांचा उजवा पाय जमिनीत रुतायचा. एकदा मला म्हणाले, "तुमच्या ताईंच्या मशिनांना एकदा ब्रेक लावून दाखवा हो, आमचा संसार तरी सुरू होईल."

"संसार सुरूच आहे," ताई म्हणाल्या. "फक्त दुरून."

यंदा भाऊजींच्या गावातल्या आमच्या शाखेत एक जागा रिकामी झाली. साधी दिवसाची टेबलावरची नोकरी, संध्याकाळी घरी. ताईंनी बदली मागितली. साहेब माणूस वाईट नाहीत, पण हातातली सोय सोडायची म्हटलं की त्यांना ताप चढतो. म्हणाले, "ताई, तुम्ही गेल्यावर ही मशिनं कोण उठवणार? दुरून उठवायची सोय आहे म्हणता ना? मग एक अख्खी सुट्टी खोलीचं दार न उघडता काढून दाखवा. दुसऱ्या दिवशी कागदावर सही करतो." ती सुट्टी म्हणजेच मी सगळं तपासलेली ती सुट्टी.

मंगळवारी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"मी म्हणत होतो ना," ते ताईंना म्हणाले, "तुमच्या हाताची सर कशालाच नाही."

"साहेब, एवढं कौतुक नका करू," ताई म्हणाल्या. "मला परवडत नाही."

मी मधे पडलो. म्हटलं, चूक माझी आहे, ताईंची नाही, आणखी एक संधी द्या. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही टेबलावरचा पेपरवेट बोलायला लागलाय. "ठीक आहे. महिनाअखेरची सुट्टी. पण तिकडची जागा त्यानंतर थांबणार नाही, ते माझ्या हातात नाही."

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "तू काही माझ्यासाठी हातघाईवर येऊ नकोस. फक्त चार नंबर का उठत नाही तेवढं शोध."

ते शोधायला मी आठवडाभर खर्ची घातला. प्रत्येक मशीनमध्ये नखाएवढी एक चिप असते. मशीन बंद असलं तरी ती थोड्याशा विजेवर जागी राहते, म्हणून तिला आम्ही रखवालदार म्हणतो. तिचा पत्ता वेगळा, पासवर्ड वेगळा. मुकादमाने तिला निरोप दिला, की ती आतूनच मशीनचं बटण दाबते. झोपवायला मात्र रखवालदार लागत नाही. ते काम मुकादम थेट मशीनशी बोलून करतो. म्हणून झोपायच्या वेळी सगळं सुरळीत आणि उठायच्या वेळी घोळ. मी पासवर्ड तपासला, बरोबर. पत्ता तपासला, त्यावरून उत्तर येत होतं. चार नंबर झोपवलं, मग रखवालदाराला विचारलं, बाबा रे, मशीनची काय खबर? तो म्हणाला, चालू आहे. बंद मशीनचा रखवालदार छातीठोकपणे सांगतोय, चालू आहे. आमच्या शाळेत मागच्या बाकावर असाच एक होता, डोळे मिटूनच म्हणायचा, "जागा आहे सर." मी निष्कर्ष काढला, की चिप बिघडलीय. नवा बोर्ड मागवायला गेलो तर साहेब म्हणाले, मंजुरीला तीन महिने लागतील. तीन महिन्यांनी ताईंची जागा दुसऱ्याच कुणाच्या बुडाखाली असती.

शेवटी एका शनिवारी सकाळी आम्ही दोघंच ऑफिसात आलो. ताई खाली थंड खोलीत, अंगात पुरुषी मापाचं ढगळ जॅकेट. मी वर टेबलाशी. मधे फोन. मी सांगायचं, त्यांनी करायचं. ही वायर काढा, ती लावा, पुन्हा काढा. तासाभराने त्यांचा आवाजच गारठल्यासारखा वाटायला लागला.

"शहाण्या, अजून किती?"

"आता शेवटचं. मशीनच्या तोंडाशी एक निळा दिवा असतो ना, ओळखायचा? रखवालदाराला सांगून तो दुरून लावता येतो. निदान चिप ऐकते की नाही ते तरी कळेल. चार नंबरच्या समोर उभ्या राहा."

"राहिले."

"लावला. लागला?"

"नाही."

"आता बघा."

"नाही रे बाबा."

"मला तर इथे लागलेला दिसतोय."

"तुला तिथून काय, सगळंच लागलेलं दिसतं. इथे माझे कान गळून पडायला आलेत."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे चिप खोटारडी ती खोटारडीच. मग ताई वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "थांब. दोन नंबरचा दिवा लुकलुकतोय."

"दोन नंबरचा मी लावलाच नाही."

"मग मी काय झोपेत बोलतेय? दोन नंबर. निळा. माझ्या नाकासमोर."

मी दिवा बंद केला. "गेला," ताई म्हणाल्या. लावला. "आला." मग मी दोन नंबरच्या रखवालदाराला दिवा लावायला सांगितलं.

"आता चार नंबरचा लागला," ताई म्हणाल्या.

मी जिन्याने खाली पळालो. चिप खरंच बोलत होती. फक्त ती चार नंबरची नव्हती, दोन नंबरची होती. दोन नंबर जागंच होतं, त्यामुळे ती इमानदारीत सांगत होती, चालू आहे. मुकादम चार नंबरला उठवायला म्हणून आठवडाभर दोन नंबरचं दार वाजवत होता, आणि आतून उत्तर येत होतं, अरे मी उठलोय, कटकट काय करतोस.

दार उघडं होतं. ताई एका रिकाम्या खोक्यावर बसल्या होत्या.

"ताई, हे असं उलटं कसं झालं?"

"मी केलं," त्या म्हणाल्या. "फार पूर्वी. दोन नंबर मधेच बंद पडायचं. दोष डब्यात आहे की डिस्कमध्ये, कळेना. म्हणून दोनची डिस्क चारमध्ये घातली, चारची दोनमध्ये. नंतर दोष निघाला साध्या वायरीत. डिस्क परत फिरवायच्या राहून गेल्या. फक्त डब्यांवरचे नंबराचे स्टिकर बदलले."

मशीनचं नाव डिस्कमध्ये राहतं आणि रखवालदार डब्यात. नाव या घरून त्या घरी गेलं, रखवालदार जुन्याच घरी राहिला. मुकादमाकडे पत्ते जुनेच. ताईंना त्याचा कधी त्रास झाला नाही, कारण त्या बोटाने बटण दाबायच्या, आणि बोटाला स्टिकर पुरतो.

"त्याच वर्षी," ताई सावकाश म्हणाल्या, "दुरून उठवायचं पहिल्यांदा करून बघितलं होतं. जमलं नाही. साहेब म्हणाले, जाऊ दे, ताई आहेतच ना." त्यांनी जॅकेटच्या लांब बाहीत तोंड लपवलं. रडतात की काय, म्हणून मी घाबरलो. पण खांदे हलत होते ते हसण्याने. निदान सुरुवातीला तरी. "म्हणजे मला इथे कोणी बांधून ठेवलं होतं रे, सांग बघू?"

मी म्हटलं, फार थंडी आहे, बाहेर जाऊ या.

आम्ही जिन्याच्या पायरीवर येऊन बसलो. ताईंनी बाहीने नाक पुसलं. "ह्यांना काय सांगू?"

"सांगू नका."

"नाही, सांगते. हसतील. हसू देत. तेवढा हक्क आहे त्यांचा."

"आणि साहेबांना?"

"साहेबांनी विचारलं तर सांगेन. पण ते विचारणार नाहीत. त्यांना मशीन उठल्याशी मतलब."

दुरुस्ती म्हणाल तर काहीच नाही. मी वर जाऊन मुकादमाच्या नोंदीत दोन रखवालदारांचे पत्ते अदलाबदल केले, संपलं. एवढ्यासाठी एका बाईच्या साऱ्या सुट्ट्या खर्ची पडल्या, हे मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं. मग चार नंबर झोपवलं. ताई आत गेल्या नाहीत. दार लावून बाहेर उभ्या राहिल्या, दाराला कान लावून. मी फोनवर म्हटलं, "उठवतोय." काही वेळ काहीच नाही. मग आतल्या पंख्यांचा घोंघाट मला फोनमधूनही ऐकू आला.

"उठलं!" ताई ओरडल्या. आणि लगेच, "पुन्हा झोपव. पुन्हा बघू."

आम्ही चारही मशिनं पाळीपाळीने झोपवली आणि उठवली, इतक्यांदा, की मशिनांना बोलता आलं असतं तर त्यांनी आमची तक्रार केली असती. शेवटी मीच म्हटलं, "ताई, पुरे. त्यांचं झालं, आता मला कुणीतरी झोपवा."

महिनाअखेरच्या शुक्रवारी ताईंनी आपलं कार्ड साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "आत जायचंच नाही ना? मग हे तुमच्याकडेच असू दे." आणि नवऱ्याकडे गेल्या. या वेळी मी उठवून बघून मगच घरी गेलो. शनिवार-रविवार मी घरात बसून दर थोड्या वेळाने फोनमध्ये डोकावत होतो. आई म्हणाली, "एवढं तर तान्ह्या मुलाकडेही बघत नाहीत कुणी."

सोमवारी मुकादमाने हाका मारल्या. तीन नंबर उठलं. मग चार नंबर. गोदामातला हमाल वर आलाच नाही, याहून मोठी पावती नाही. मी ताईंना फोन लावला.

"उठली?"

"उठली."

"चार नंबर?"

"सगळ्यांत आधी नाही, पण उठलं."

"कुणी आत गेलं नाही ना?"

"झुरळसुद्धा नाही."

ताईंनी श्वास सोडला. "बरं. मग मी जरा पडते," म्हणाल्या आणि फोन बंद करायला विसरल्या. भाऊजी कुणाला तरी हळूच सांगत होते, "टीव्ही बारीक करा, ती झोपलीय." मीच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ताई परत आल्या त्या सरळ साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब सुरुवातीला म्हणाले, छान, छान. मग म्हणाले, एकाच सुट्टीवर भिस्त ठेवणं बरं नव्हे, आणखी दोन-तीन सुट्ट्या बघू. ताईंना एक लांब जांभई आली. ती पूर्ण होऊ दिली, आणि म्हणाल्या, "साहेब, चारही मशिनं उठली. आता फक्त तुमचा पेन उठायचा राहिलाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पेन उठला.

सामान हलवायला भाऊजी शिकवायचीच गाडी घेऊन आले, डोक्यावर पिवळा बोर्ड तसाच. एका बाईच्या एवढ्या वर्षांच्या मुक्कामाचं सामान इतकं थोडं असेल असं वाटलं नव्हतं. गादी टपावर बांधली, भांडी मागच्या सीटवर. एक घडीची लाकडी खुर्ची मात्र काही केल्या बसेना. भाऊजींनी ती उभी घातली, आडवी घातली, शेवटी ताईंच्या मांडीवर ठेवून बघितली.

"मी खुर्ची मांडीवर घेऊन जायची? त्यापेक्षा मीच खुर्चीवर बसून जाते," ताई म्हणाल्या.

"राहू दे ताई," मी म्हटलं, "आपल्या कंपनीची गाडी रोज तिकडे जाते. आठवड्यात पाठवतो."

"नक्की?"

"अहो, पार्सल कंपनीत आहे मी."

भाऊजींनी गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी वळताना ताई मागे वळून बघतील असं वाटलं होतं. त्या बघणार कशा, त्यांचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं होतं आणि तोंड जरासं उघडं.

याला आता बरेच महिने झाले. रोज हजारो खोकी इथून वाटेल त्या गावाला रवाना होतात. खुर्ची माझ्या खोलीत दाराजवळ आहे. एकदा तिला गुंडाळायला पुठ्ठा आणला, तर तो अपुरा पडला. एकदा गाडी भरलेली होती. एकदा तर गाडी रिकामी होती, पण मी कंटाळलो होतो.

परवा ताईंचा फोन आला. आवाज अगदी ताजातवाना. मला तो आधी ओळखूच आला नाही.

"शहाण्या, माझी खुर्ची कुठे आहे?"

"निघालीच आहे, ताई."

"कुठून?"

"अजून घरातून," मी म्हटलं. "येत्या आठवड्यात नक्की."